रंभेचं डोहाळजेवण

कळव्याच्या महिपतकडे वरातीला भाड्याने द्यायची एकच घोडी होती, रंभा. तीन वर्षं तो तिला कल्याणला गुणाजीच्या घोड्याकडे नेत होता, पण शिंगराचा पत्ता नाही. गुणाजी बजावायचा, "माझ्या घोड्याला नावं ठेवू नको. अर्ध्या कल्याणात त्याची पोरं आहेत!"

शेवटी महिपतच्या आईने, आवडाबाईने निकाल दिला. या खेपेलाही गाभण राहिली नाही, तर रंभा विकायची. भाकड घोडीवर आपला नवरदेव कोण बसवील? महिपतला जेवण जाईना.

आणि रंभेचं पोट वाढलं! आवडाबाई अशी हरखली की तिने चक्क घोडीचं डोहाळजेवण मांडलं. आळीतल्या बायका जमल्या. रंभेच्या पाठीवर हिरवा खण, गळ्यात फुलं. पेढा की बर्फी बघायला दोन झाकलेल्या वाट्या पुढे ठेवल्या, तर तिने दोन्ही चाटूनपुसून साफ केल्या.

"जुळं गं बाई!"

तेवढ्यात गुरांचे डॉक्टर आले. रंभेचं रक्त त्यांनी मुंबईला तपासायला पाठवलं होतं. घोडी नीट तपासून त्यांनी हात धुतले.

"पोटात गॅस आहे," ते म्हणाले. "घोड्याच्या पेशीत चौसष्ट गुणसूत्रं असतात, हिच्यात त्रेसष्टच. मादीला लागतात त्या दोनांतलं एक जन्मापासूनच नाही. ही माजावर येणार नाही, गाभणही राहणार नाही. बाकी ठणठणीत."

"एकच कमी ना?" महिपत म्हणाला. "वागळे इस्टेटीतल्या कारखान्यात बनवून नाही का मिळणार?"

"नाही," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले.

धाकट्याच्या लग्नासाठी घोडी ठरवायला आलेल्या खोपटच्या कलावतीबाई हे सगळं पंगतीतून ऐकत होत्या. महिपतने रंभेचा लगाम घट्ट धरला.

"डॉक्टर, म्हणजे हिला घोड्यांचं काहीच वाटत नाही?" कलावतीबाईंनी विचारलं.

"काडीचं नाही."

"मग हीच द्या हो! थोरल्याच्या वरातीत घोडीला समोर घोडा दिसला, नि गेली त्याच्यामागं. नवरी मांडवात, आमचा बंड्या बाशिंग बांधून एष्टी डेपोत! नातू सून देईल. घोडीने नवरा पोचवला की झालं."

आवडाबाईने पदर खोचला.

"मी काय म्हणते, असली त्रेसष्टवाली सबंध ठाण्यात दुसरी दाखवा! आणि महिपत, विकायचं खूळ तुझ्या डोक्यात घातलं कोणी रे?"