कणगीतली धामण

सुताचे जाळे कितीही धुतले तरी त्यातला माशाचा वास जात नाही, आणि त्या वासाने उंदीर ते कुरतडतात. म्हणूनच पोंभुर्ण्याच्या तलावाकाठी राहणाऱ्या केवळरामाने दिवाळीपूर्वी धामणीचे एक पिल्लू घरी आणले होते. "मोठी झाली का जाळ्याले उंदीर शिवनार नाई," तो बायकोला, गोकुळाला, म्हणाला होता, "आन् हे मोठी होईस्तोवर मी वापस येतो." एवढे बोलून तो भांदककडच्या कोळशाच्या खाणीत कामाला गेला. होळी गेली. तो आला नाही.

गोकुळाने त्याच्या शब्दांना शपथेचे वजन दिले होते. धामण मोठी होईपर्यंत तो येणार. तेव्हा धामण जगली पाहिजे, घरात राहिली पाहिजे. ती गेली तर त्याच्या येण्याला कारणच उरले नाही. हा तर्क सदोष होता हे उघड आहे. परंतु वाट पाहणाऱ्याला निर्दोष तर्काचा उपयोग तरी काय?

चैत्रात एकदा पिल्लू उंबरा ओलांडून तलावाच्या वाटेला लागलेले तिला दिसले. त्याच दिवशी तिने त्याला रिकाम्या कणगीत ठेवले. बियाण्याचे धान जसे राखतात तसेच: तळाशी राख, वर कोरडा भुसा, तोंडावर घट्ट बांधलेले सूप. जपायची वस्तू ओलीपासून दूर ठेवावी, एवढे कोणत्याही शहाण्या घरात शिकवतात.

वैशाखात धामणीने बेडूक नाकारला. कात टाकली तीही अखंड नव्हे, तुकड्यातुकड्यांनी. शेपटीभोवती जुन्या कातीचे कडे आवळून राहिले. अंग हाताला दोरीसारखे निर्जीव लागू लागले.

"दूध ठेव वाटीत," सासू देवकाबाई म्हणाली. "साप हाय तो."

शेजारचा घनश्याम सूत मागायला आला होता, तो हसला. "मावशे, सापाले दूध कायले? तूच पी. एखादा दात तरी येईन!"

"तुले आहेत ना बत्तीस? त्याईनं आपलं तोंड बंद ठेव."

दूध ठेवले. त्यावर साय धरली, मुंग्या आल्या. धामणीने तिकडे तोंडही केले नाही.

"मंग जबडा उघडून पानीच घाल," देवकाबाई म्हणाली.

"ठसका लागंल तं, आत्याबाई?" गोकुळा सासूला म्हणाली. "थांब म्हनता येते का तिले?"

गोकुळाने धामण उचलून दारातल्या उजेडात नेली. बाजारात मासळी घेणारी बाई आधी डोळा पाहते. विकणारीने तर तो त्याआधीच पाहिलेला असतो. धामणीचा डोळा, जो मण्यासारखा भरीव आणि गोल असायचा, आत खचला होता. तिने कुशीची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली. वळी तशीच उभी राहिली. ओठांच्या फटीत लाळेची चिकट तार दिसली. हे रूप तिच्या ओळखीचे होते. जन्मभर तिने मासळी वाळवली होती.

"आत्याबाई," ती खाली बसत म्हणाली, "म्या इले सुकवली."

देवकाबाई रांजणाचे पाणी घेऊन आली. गोकुळाने ते अंगणातल्या उन्हात तापलेल्या पाण्यात मिसळले. मनगटाला ऊनही नाही, गारही नाही, असे होईपर्यंत. परातीत ते इतकेच ओतले की धामणीचे पोट भिजावे आणि पाठ उघडी राहावी. डोके टेकायला एक चपटा दगड ठेवला. वर टोपली झाकून ती शेजारी बसून राहिली, मधून मधून टोपली उचलून पाहत. बऱ्याच वेळाने धामणीने तोंड पाण्याला लावले, आणि गळ्याखाली एक बारीक हालचाल सुरू झाली, थांबली, पुन्हा सुरू झाली.

त्यानंतर रोज परात भरली गेली. शेपटीचे कडे तिने ओढले नाही. ओल्या फडक्यात भिजवले, तेव्हा ते आपोआप सुटले. कणगीतली राख आणि भुसा उकिरड्यावर गेला. एका कोपऱ्यात ओले फडके, दुसऱ्यात भाताचे कोरडे तणस, मध्ये पाण्याची वाटी. हळूहळू चिमटीतली वळी सोडताच मिटू लागली. डोळा भरला. बेडूक पोटात गेला. आणि पुढची कात उतरली ती तोंडापासून शेपटीपर्यंत एकसंध, डोळ्यांवरच्या पापुद्र्यांसकट.

"आता बांध तोंड," देवकाबाई म्हणाली. "नाई तं जाईन."

गोकुळाने दोरी हातात घेतली. बराच वेळ ती हातातच राहिली. मग तिने ती खुंटीला अडकवली.

धामण काही दिवस रांजणाखालच्या ओलीत राहिली. पुढे तिथेही दिसेना.

"वयनी, तुमची धामण तलावाच्या पाळीवर हाय," घनश्यामने एका सकाळी सांगितले. "मले पाहून सुसाट गेली. नाव तं सांगाचं होतं माझं!"

गोकुळा हसली नाही. "मोठी झाली का?"

"झाली ना. चांगली जाडी झाली."

तो गेल्यावर ती उंबऱ्यावर बसून राहिली. मोठी झाली. म्हणजे दिलेला शब्द संपला होता. वाट पाहणे मात्र होते तेवढेच राहिले होते.

देवकाबाईने येऊन तिची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला, आणि बाजारात पाहावे तसे तिचे डोळे पाहिले.

"चांद्याची मोटार सकाळी निघते," ती म्हणाली. "तिथून भांदक काई दूर नाई."

"काय म्हनून जाऊ, आत्याबाई?"

"धामण मोठी झाली म्हन. कात ने संगं. पाहल्याबिगर मानत नाई तो, लहानपनापासून."

गोकुळाने कात फडक्यात गुंडाळली. देवकाबाईने तांब्या भरून त्याच्या तोंडाला पळसाचे पान बांधले आणि तो तिच्या हाती दिला; पण सोडला नाही.

"आन् आधी त्याचे डोळे पाहजो," ती म्हणाली. "मंग येऊन मले सांगजो."