आपल्या माणसांकडे ठेवलेली सायकल

दशरथकडे सायकल नव्हती तोवर मुंबईत चोर असतात हे त्याच्या गावीही नव्हतं. सायकल आली आणि विक्रोळीच्या आमच्या टेकडीवर त्याला दुसरं काही दिसेनासं झालं. भंगारवाला चोर, रस्त्यावर डांबर टाकणारे चोर, सकाळी पाव विकायला येणारा तर नक्कीच चोर. चोरी अजून झाली नव्हती, एवढीच काय ती अडचण होती.

सायकल हौसेने घेतलेली नव्हती. दशरथ लालबागच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवायचा. संप झाला, गिरणीचं दार बंद झालं ते झालंच. त्यानंतर अडीच वर्षं तो मिळेल ते करत होता, कधी गवंड्याच्या हाताखाली, कधी बाजारात हमाली. शेवटी मुलुंडला औषधांच्या एका एजन्सीत जागा निघाली. मुलुंडपासून घाटकोपरपर्यंतच्या दुकानांत खोकी पोचवायची. शेठची एकच अट होती, सायकल स्वतःची पाहिजे. आधीचा माणूस सोडून जाणार होता. "गणपती झाले की सोमवारी नऊला सायकल घेऊन ये," शेठने सांगितलं. रत्नप्रभाने, म्हणजे दशरथच्या बायकोने, हातातली पाटली मोडली आणि काळी, बावीस इंची, जुनी पण सरळ चालणारी सायकल चाळीत आली.

ही नोकरी नाही झाली तर रत्नप्रभाने दोन्ही मुलींना घेऊन गावी जाऊन राहायचं आणि दशरथने इथे एकट्याने दिवस काढायचे, असं नवराबायकोत ठरलं होतं. आमच्या चाळीत नवराबायकोत ठरलेलं सगळ्यांना ठाऊक असतं, त्यामुळे तेही सगळ्यांना ठाऊक होतं.

दशरथने सायकलीला तीन कुलपं केली. मागच्या चाकाला कडीचं कुलूप होतंच. त्यावर त्याने बोटाएवढ्या जाड कड्यांची साखळी आणली आणि ती गॅलरीच्या लोखंडी खांबाला गुंडाळून तिला सात लिव्हरचं पितळी कुलूप लावलं. तिसरं कुलूप साखळीची दोन टोकं चुकून सुटली तर म्हणून होतं. ती कशी सुटणार, हे मी एकदा विचारलं. "चोराक विचारा," तो म्हणाला. किल्ल्या करगोट्याला. एका माणसाला सायकल बाहेर काढायला सात-आठ मिनिटं लागत, आणि तेवढ्या वेळात तो पायीच बाजारात जाऊन आला असता. सरूबाई कोळीण पाटी घेऊन आली की खांबाजवळ थबकायची. "काय रं दशरथा, सायकल बांधलीस का म्हस?" ती विचारायची. तो हसायचा नाही. म्हावरं मात्र घ्यायचा.

यंदा घरच्या गणपतीची पाळी दशरथची होती. चार भावांत एक गणपती, दर वर्षी एकाने करायचा. पाळी चुकवून मुंबईत सायकल राखत बसला असता तर पुढची वीस वर्षं गावात तोंड दाखवता आलं नसतं. म्हणजे आठ दिवस जाणं भाग होतं. आमची निम्मी चाळ त्या दिवसांत कोकणात जाते, दारांना कुलपं लागतात, आणि हे चोरांना कळतं, असं दशरथचं म्हणणं. कळत असेलही. पण आजवर चाळीतून एक पितळी तांब्या सोडला तर काही गेलं नव्हतं, आणि तो तांब्यासुद्धा पुढे काशीरामच्या घरी सापडला होता. काशीराम गावकरी मंडळाचा सेक्रेटरी असल्यामुळे तो तांब्या चुकून गेला असं ठरलं.

जायच्या आदल्या दिवशी दुपारी दशरथ माझ्याकडे आला. मी त्याच्याच वाडीतला, वयाने दहा-बारा वर्षांनी मोठा, कंपनीत कायम. रजा शिल्लक नव्हती म्हणून मी गावी जात नव्हतो. त्याच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि तेल गळत होतं.

"अनंतदादा, ही चेन. तुमच्याकडे ठेवतंय."

"सायकलची? आणि सायकल?"

"सायकल खांबाक. पुढचा चाक काशीरामाकडे, सीट नानांकडे, चेन तुमच्याकडे." तो खाली बसला आणि आवाज उतरवून म्हणाला, "माका सांगा, चाक नसलेली सायकल कोण नेतलो? मी काय खुळो नाय."

मला हसू आलं, पण युक्ती वाईट नव्हती. मी म्हटलं, सगळे सुटे भाग एकाच घरी का नाही ठेवत? तर म्हणाला, एका घरात चोर शिरला तर? म्हणून तीन घरं. तिन्ही आपल्या गावची. परक्याकडे त्याने पंपसुद्धा ठेवला नाही, तो त्याने पिशवीत घालून गावी नेला. एस.टी.त लोक अगरबत्त्या, मिठाई आणि गणपतीच्या सजावटीचं सामान घेऊन बसले होते आणि दशरथ मांडीवर सायकलचा पंप घेऊन. रत्नप्रभाने तोंड खिडकीकडे करून घेतलं होतं.

तिसऱ्या दिवशी नानांचा जावई आला. नाना म्हणजे चाळीच्या टोकाच्या खोलीतले रिटायर फोरमन, आणि जावई म्हणजे घाटकोपरचा चंदर. नानांच्या मथुराचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत चंदरने चार नोकऱ्या सोडल्या होत्या. सगळीकडचे मालक वाईट निघाले. सासुरवाडीला गणपतीच्या जेवणाला तो सायकलीवर आला. तिची सीट फाटून आतली स्प्रिंग वर आली होती. जावई जेवायला बसताना एका कुशीवर बसला हे नानांच्या नजरेतून सुटलं नाही. घरात अख्खी सीट पडून आहे आणि जावयाला स्प्रिंग टोचते आहे, हे कुठल्या सासऱ्याला बघवेल?

सीट बसवताना पुढचं चाक वाकडं असल्याचं नानांच्या लक्षात आलं. आता फोरमनच्या नजरेला वाकडं चाक चालत नाही. नाना काशीरामकडे गेले. काशीराम म्हणाला, चाक दशरथचं आहे, पण दशरथ आपलाच आहे, आणि चंदरही आपलाच. म्हणजे चाक आपल्यातच राहतंय. हा हिशेब त्याने मंडळाच्या सेक्रेटरीला शोभेल अशा आवाजात मांडला आणि चाक काढून दिलं.

आणि चेन. संध्याकाळी परत जाताना टेकडीच्या उतारावर चंदरची चेन तुटली. तो सायकल ढकलत वर आला आणि थेट माझ्या दारात. "दादा, तुमच्याकडे एक पडून आहे ना? चार दिवसांत आणून देतो." मी आधी नाही म्हटलं. मग तो म्हणाला, सीट सासऱ्याने दिली, चाक काशीरामकाकांनी दिलं, तुम्हीच काय ते परके. मला ते झोंबलं. आणि खरं सांगायचं तर मला चहा प्यायचा होता आणि तो दारातून हलत नव्हता. मी चेन दिली. दशरथच्या सायकलीचे तीन भाग चंदरच्या सायकलीवर बसून टेकडी उतरून गेले. खांबाला बांधलेला सांगाडा जागच्या जागी होता आणि तिन्ही कुलपांना कोणी बोट लावलं नव्हतं.

शनिवारी नाना पेढे घेऊन आले. जावयाला नोकरी लागली होती. कुठे? मुलुंडला, औषधांच्या एजन्सीत. तिथला आधीचा माणूसही कोकणातलाच, गणपतीला गेला तो परत यायचा नाही असा निरोप आला आणि शेठला माणूस लगेच हवा झाला. जागेची माहिती चाळीत पोरासोरांनाही होती, नानांनी ती जावयाच्या कानावर घातली. "सायकल बघूनच घेतला म्हणे," नाना कौतुकाने म्हणाले. मी पेढा हातात धरून उभा होतो. मग खाल्ला.

मला लाज वाटली, नाही असं नाही. पण लाज वाटली की माणूस काय करतो? मी रविवारी सकाळी बाजारातल्या सायकलवाल्याकडे गेलो, एक जुनी चेन घेतली, ती रॉकेलमध्ये धुतली, तेल लावलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली. मंजुळा, माझी बायको, दारात उभी राहून बघत होती. "त्यापेक्षा खरं सांगा त्याला," ती म्हणाली. मी म्हटलं, सांगेन ना. आधी त्याला चहा तरी पिऊ दे.

दशरथ दुपारी आला. पिशव्या खाली ठेवायच्या आधी त्याने खांब गाठला, एकेक कुलूप ओढून पाहिलं आणि त्याचा चेहरा असा फुलला की मी नजर दुसरीकडे केली. "बघ," तो रत्नप्रभाला म्हणाला, "हात लावूक धजलो नाय कोण." मग तो माझ्याकडे आला. मी पुडी दिली. त्याने उघडली, चेन बोटांतून फिरवली. ज्याला चोर शंभर पावलांवरून ओळखू येत, त्याला आपली चेन ओळखू आली नाही. "होती त्यापेक्षा चकचकीत ठेवलात," तो म्हणाला. त्याच वेळी सांगायला हवं होतं.

सीट आणि चाक कुठे गेलं ते त्याला नानांकडे आणि काशीरामकडे कळलं. नोकरीचं तेवढं कोणी सांगितलं नाही. नाना म्हणाले, सीट उद्या संध्याकाळी येईल. काशीराम म्हणाला, आपल्या माणसाच्या अडीनडीला उपयोगी पडलं, दशरथ, पुण्य लागेल. दशरथने विचारलं, "माका उद्या सकाळी नवाक सायकल व्हयी, तेचा काय?" काशीरामला राग आला. आम्ही काय चोर आहोत का, असं त्याने मोठ्याने विचारलं, आणि या प्रश्नाला चाळीत हो म्हणायची पद्धत नाही.

सोमवारी दशरथने भाड्याची सायकल काढली. कंपनीत माझी दुपारची पाळी होती, त्याने मला बरोबर चला म्हटलं, शेठपुढे बोलायला मोठं माणूस असावं म्हणून. मी नको म्हणू शकलो असतो. पण कॅरियरवर बसलो, आणि भांडुपचा चढ आला की उतरून चाललो. दशरथ वाटेत सगळा हिशोब सांगत होता. पहिला महिना भाड्याची चालवेन, तोवर चाक-सीट मिळेलच, मुलींना इथल्याच शाळेत ठेवू. मी मागून हं हं करत होतो.

एजन्सीच्या दारात चंदर खोकी बांधत होता. दशरथने आधी चाक ओळखलं, मग सीट, मग माणूस. चेन चेनकव्हरमध्ये होती. चंदरने माझ्याकडे पाहिलं आणि दोरीची गाठ घट्ट करायला लागला.

"चाक माझा आसा," दशरथ म्हणाला.

"आहे ना," चंदर म्हणाला. "मी कुठे नाही म्हणतो? संध्याकाळी सोडवून देतो. आता डिलिव्हरी आहे यार."

शेठ बाहेर आले. त्यांना दशरथ आठवला, पण त्याचा काही उपयोग नव्हता. "बघ भाई, त्याच्याकडे पण सायकल, तुझ्याकडे पण सायकल. तो आधी आला," ते म्हणाले, आणि तुझी तर भाड्याची दिसते, असंही म्हणाले. मोठं माणूस म्हणून मी काहीतरी बोलावं अशा नजरेने दशरथने माझ्याकडे पाहिलं. मी शेठला नमस्कार केला.

गुरुवारी मंडळाची बैठक बसली. काशीरामने विषय मांडला. चोरी झाली का? नाही. कुलूप तुटलं का? नाही. वस्तू गावाबाहेर गेली का? नाही. नोकरी गावच्या माणसालाच लागली का? लागली. चंदरने सामान सवडीने परत करावं आणि दोन्ही बाजूंनी मनात काही ठेवू नये, असं ठरलं. दशरथला भांडता आलं असतं, पण मथुरा समोर बसली होती, तिला सहावा महिना होता, आणि चाक काढलं तर तिच्या नवऱ्याची नोकरी जात होती. तो एवढंच म्हणाला, "तीन घरांत ठेवलंय, एका अनंतदादांनी तेवढा जपल्यानी." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काशीराम म्हणाला, असा माणूस मंडळात आहे याचा अभिमान वाटतो, आणि ते त्याने मिनिट्समध्ये लिहूनही घेतलं. भिंतीजवळ बसलेली रत्नप्रभा म्हणाली, "चोरानं नेली असती तर बरं झालं असतं. चोराला शिव्या तरी देता आल्या असत्या." बाईमाणसाने बैठकीत बोलायचं नसतं, म्हणून ते लिहून घेतलं नाही.

पुढच्या रविवारी रत्नप्रभा आणि मुली गावी निघाल्या. धाकटीचं दप्तर नवीन होतं, ती ते पाठीवरून काढायला तयार नव्हती. दशरथ त्यांना पोचवून तसाच चिपळूणकडे कुठे रस्त्याचं काम निघालं होतं तिथे जाणार होता. निघायच्या आधी त्याने सांगाडा खांबावरून सोडला, उचलला आणि माझ्या खोलीत आणून भिंतीला टेकवला. चेनची पुडी त्याने त्याच्या शेजारी ठेवली.

"हय ठेवतंय," तो म्हणाला. "चाळीत विश्वास ठेवण्यासारखा एकच घर आसा."

मंजुळाने स्टोव्ह बंद केला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मी घसा साफ केला. दशरथ थांबला, मी काही सांगतो आहे असं वाटून.

"सांभाळून जा," मी म्हटलं.

त्याने वाकून माझ्या पायाला हात लावला. मी लावू दिला.