पडणारा आवाज

बंकटने मीटरच्या वायरी फोनच्या तारेला टेकवल्या आणि विठ्ठलरावांना बोलत राहायला सांगितलं. दीड किलोमीटरवरच्या आखाड्यातून, म्हणजे शेतातल्या घरातून, धर्मराज हा त्यांचा विश्वासू गडी बोलत होता. मोटारीचं झालं, उसाच्या टोळीचं झालं. मीटरचा काटा अकरावर उभा होता. मग विठ्ठलरावांनी विचारलं, पाव्हणे काय म्हणतेत? तसा काटा सातावर घसरला आणि पलीकडून धर्मराज ओरडू लागला की आवाज पडला.

"धा दिवस झाले हेच चालू हाय," विठ्ठलराव रिसीव्हर आपटत म्हणाले. "आज न्हाई सापडलं तर उपटून टाक बे तुझी तार."

तार बंकटनेच टाकली होती. गेल्या निवडणुकीत विठ्ठलरावांचं मोबाइलवरचं बोलणं कुणीतरी रेकॉर्ड करून तालुकाभर फिरवलं. तेव्हापासून मोबाइलवर ते फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा देत. कामाच्या बोलण्यासाठी बंकटने भंगारातले जुने फोन आणून बॅटरीवर चालणारी ही घरची लाइन उभी केली होती.

टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून छत्तीस वर्षांत त्याने एकही बिघाड अर्धवट सोडला नव्हता, आणि आता स्वतःचीच तार त्याला वाकुल्या दाखवत होती. त्याचं जेवणात लक्ष लागत नव्हतं. बॅटऱ्या बदलून झाल्या, सगळे जोड नव्याने पिळून झाले. बिघाड मात्र मोठा शहाणा होता. शेतीचं बोलणं तो सोडून देई आणि सोयरिकीचं निघालं की हजर.

काटा एवढा घसरतो तो आणखी कुणी रिसीव्हर उचलला तरच. बंकटला एकदम आठवलं. सुरुवातीला कोठीच्या खोलीतही एक फोन बसवला होता. तो बंद करायला सांगितल्यावर त्याने घंटी तेवढी काढली होती. तार तोडायचा आळस केला होता.

तार बघतो असं सांगून तो कोठीत गेला. ज्वारीच्या पोत्यांआड छबुबाई बसल्या होत्या. विठ्ठलरावांच्या मंडळी. हात अजून रिसीव्हरवर होता. बाहेरचं विठ्ठलरावांचं बोलणं इथं भिंतीतून ऐकू येई. त्या दचकल्या नाहीत.

"संस्कृतीचा बीडला नर्सिंगला नंबर लागलाय," त्या हळूच म्हणाल्या. "सुपारी फुटली की नातीचं शिक्षण संपलं. पाव्हणे कवा येनार तेवढं कळाया पायजे. मला कुनी सांगत न्हाई."

दहा दिवस आपल्याला नाचवलं म्हणून बंकटला आधी राग आला. मग स्वतःच्या थोरल्या लेकीची सुपारी आठवली. तीही त्याने अशीच परस्पर ठरवली होती. बायकोला कळलं ते पाव्हणे दारात आल्यावर.

दोन तारा तोडल्या की काम संपत होतं. पक्कड हातातच होती. बाहेरून विठ्ठलरावांनी हाक मारली तेव्हा त्याने फोन उघडला, बोलायचा भाग काढून खिशात टाकला आणि तारेत एक कंडेन्सर जोडला. लाइन तपासताना लाइनमन असंच ऐकतात. ऐकू सगळं येतं, तारेवर भार पडत नाही.

"काकू, आता उचलला तरी आवाज पडनार न्हाई."

बाहेर येऊन त्याने सांगितलं की एक जुना जोड राहून गेला होता. विठ्ठलरावांनी पुन्हा आखाड्याला फोन लावला. धर्मराज बराच वेळ बोलला. ते नुसते हूं हूं करत राहिले. शेवटी म्हणाले, "बरं, तो दिवस पक्का समज. पन घरात कळू देऊ नको."

काटा अकरावरच होता. कोठीत कुणी ऐकतंय की नाही, हे आता बंकटलाही कळायला मार्ग नव्हता.

"जमलं बे तुला," विठ्ठलराव खुशीत म्हणाले आणि त्यांनी चहा मागवला.

चहा छबुबाईंनी आणला. कप ठेवत त्या नवऱ्याला म्हणाल्या, "रविवारी मी अन् संस्कृती घरी न्हाई. शनिवारीच बीडला जातो, माझ्या बहिनीकडं. तुमचं काही काम तर न्हाई ना त्या दिवशी?"

विठ्ठलरावांनी तोंड उघडलं. मग बंकटकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले, "काम कशाचं."