थांबवलेला टायमर

मित्रांनो, भिंतीवरच्या प्लगला चिकटून दिवसभर बारीक गुणगुणणारा जुना टायमर म्हणजे मी. माझ्या पोटात इवलीशी मोटर आहे, तोंडावर गोल तबकडी आणि तबकडीच्या कडेने खुंट्यांची रांग. ज्या वेळेच्या खुंट्या खाली दाबाल, त्या वेळी दिवा लागतो. स्वस्थ बसणं मला ठाऊक नाही. कारखान्यात पहिल्यांदा अंगातून वीज गेली, तेव्हापासून फिरणं हाच माझा श्वास.

या घरी मला आणलं ते आत्यासाठी. आत्या शिवणकामाला जाते. दिवस कलला की पायरी कुठली आणि सावली कुठली, हे तिला कळत नाही. घर वरच्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि ती परतते तेव्हा घरात कुणी नसतं. तिच्या भाचीने मला जिन्यातल्या दिव्याला जोडलं, तबकडी फिरवून वेळ जुळवली, संध्याकाळच्या खुंट्या दाबल्या आणि म्हणाली, "आत्या, आता दिवा तुझ्याआधी घरी येईल." तसंच होऊ लागलं. माझं फार कौतुक झालं.

मग मी मागे पडू लागलो. कधी थोडा, कधी पुष्कळ. खिडकीबाहेर दिवेलागण व्हायची आणि माझी तबकडी दुपारच दाखवायची. जीव नुसता खालीवर व्हायचा. भाचीचे बाबा, म्हणजे आत्याचे दादा, जास्तीच्या खुंट्या दाबायचे. मग दिवा भर उन्हात जळायचा.

"हा टायमर नाही, रुसका जावई आहे," ते म्हणायचे.

एका संध्याकाळी काळोखात आत्याची पायरी चुकली आणि गुडघा फुटला.

"बास झालं. आता शिवण घरीच," दादा म्हणाले.

"घरी बसून काय तुझ्या सदऱ्यांची बटणं मोजू?"

"हाडं मोजण्यापेक्षा बरं."

आत्या हसली नाही. शिवणाच्या त्या खोलीत तिच्या मैत्रिणी होत्या, तिची स्वतःची मशीन होती. ते सगळं माझ्यापायी सुटणार होतं.

भाचीने मला आपल्या खोलीत नेऊन दिवसभर घड्याळाशेजारी लावून ठेवलं. मी तसूभरही चुकलो नाही.

"बाबा, याच्यात दोष नाही."

"मग काय, जिन्यात भूत आहे?"

मी पुन्हा जिन्यापाशी आलो. दुखऱ्या गुडघ्यामुळे आत्या घरीच होती. सकाळी ती माझ्याशेजारी खुर्ची टाकून एका झग्याची किनार दुमडत बसली होती. दादा पिशवी घेऊन बाजारात गेले आणि माझा श्वास थांबला. तिची सुईही थांबली. तिने भिंतीला कान लावला. दादा परतले, तसा मी पुन्हा गुणगुणू लागलो.

"दादा, जाताना काय केलंस?"

"काय करणार? नेहमीसारखी सगळी बटणं बंद केली. हाताची सवय. दिवसा दिवा कशाला हवा? संध्याकाळी शिकवणीला जाताना याचं बटण चालू ठेवतो हो, तेवढं कळतं मला."

"तू बटण बंद केलंस की हा गप्प होतो."

भाची स्वयंपाकघरातून धावत आली. "बाबा, त्याचं घड्याळसुद्धा त्याच विजेवर चालतं! तुम्ही बाजारात असता, तोवर त्याची वेळ पुढे सरकतच नाही."

दादांनी बटणाला बोट लावून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "म्हणजे माझ्या बोटाने पडलीस तू. आणि वर मीच तुला घरी बसवत होतो."

"गुडघा भरत आलाय माझा. सोमवारी जाते मी कामाला. तू तेवढं बोट सांभाळ."

भाचीने तबकडी फिरवून खरी वेळ लावली, जास्तीच्या खुंट्या वर काढल्या आणि दादांनी बटणावर चिकटपट्टी लावली. तरी माझी धाकधूक संपत नाही. वीज गेली की मी थांबणारच. तेव्हा मित्रांनो, वीज आल्यावर खुंट्यांना हात लावू नका, तबकडी फिरवून खरी वेळ लावा. आणि कुणी मागे पडलेलं दिसलं, तर त्याला मोडीत काढण्याआधी एवढं पाहा, की त्याला चालू तरी दिलं होतं का.

आज सोमवार. आभाळ भरून आलंय, जिना लवकरच काळवंडलाय. खाली फाटक वाजलं. माझी शेवटची न दाबलेली खुंटी सरकली, दाबलेली पहिली आली आणि दिवा लागला. आत्याची पावलं पायऱ्या चढताहेत, कुठेही न अडखळता.