लाकडातला गोड वास

बाटलीच्या तोंडाशी अजून भुकटीच्या चारदोन पांढऱ्या सुया चिकटल्या होत्या, त्या भुजंगनं नखानं खरवडून खिरीत पाडल्या आणि वाफेवर नाक धरलं... काही नाही. ते नवं नव्हतं. कागदाच्या गिरणीत लाकूड शिजवून लगदा काढला की मागं काळं पाणी उरतं, ते पिंपांतून नांदेडला, भुजंग कामाला होता त्या कारखान्यात येतं. त्यात कॉस्टिक सोडा घालून बंद भांड्यात तापवायचं, खालून हवा सोडायची, आणि त्या घाणीतून शेवटी आइस्क्रीमचा, व्हॅनिलाचा वास निघतो – पण त्या वासात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाचं नाक तेवढाच एक वास घेणं सोडून देतं. हे मला, भुजंगला, माहीत होतं. तरी मी अजून एक चिमूट टाकली.

बायको, सरजा, असती तर तिला विचारलं असतं. टिपकागदावर थोडी भुकटी घेऊन तो तिच्यापुढं धरायचा, आणि ती भाकरी थापता थापताच मान पुढं करून सांगायची, "धूर हाय अजून." मग दुसऱ्या दिवशी माल पुन्हा विरघळवायचा, पुन्हा खडे पाडायचे. "आता लेकराच्या टाळूवानी," म्हणाली की झालं. त्यांना लेकरू नव्हतं... कुणाच्या टाळूचा वास तिनं लक्षात ठेवला होता, हे विचारायचं राहूनच गेलं.

सकाळी शेजारच्या बेगमबीनं विचारलं होतं, मी बघू का वास घेऊन? दुष्काळानं आटलेल्या दिवसांत चार घरं फिरून दूध तिनंच जमवलं होतं. तो नको म्हणाला. चाखण्याचा प्रश्नच नव्हता, भोजनदानाआधी खीर उष्टी करायची नाही ही सासूची, नागुबाईची, ताकीद होती. पण वास? वास घेऊ द्यायला काय हरकत होती – सरजेच्या जागी दुसरं कुणी मान पुढं करणार, तेवढंच त्याला सोसलं नाही.

सरजा गेल्याला वर्ष झालं, त्याचं पुण्यानुमोदन. जळकोटहून नागुबाई आणि भावकीतली माणसं आली होती. उस्मानाबादचे आम्ही लातूरचे झालो, कुणीतरी म्हणालं, जिल्हा नवा आला, टँकर मात्र तोच हाय. सगळे हसले. भुजंगही हसला आणि मग सरजेच्या फोटोकडं बघायचं त्यानं टाळलं.

बुद्धवंदना झाली. वाढण्याआधी तो उभा राहिला – कुणी सांगितलं नव्हतं, तरी राहिला – आणि म्हणाला, खिरीतला हा वास माझ्या हातचा आहे, फेकून द्यायच्या काळ्या पाण्यातून, लाकडातून काढलेला, सरजेला आवडायचा. नागुबाईनं साधंच विचारलं, "लाकडात एवढा गोड वास असतो, तर सरपण जळताना कसा येत न्हाई?" त्याच्याकडं उत्तर होतं. पण समोर एकदम गेल्या वर्षीचं लाकूड आलं, रचलेलं... आणि तो वाढायला लागला.

पहिला घास घेतला तेव्हा नागुबाईचा हात थांबला. मग पुढं गेला. बाकीच्यांनीही एकमेकांकडं न बघता माना खाली घातल्या आणि वाट्या पुसून संपवल्या. त्याला वाटलं, सरजेची आठवण येते म्हणून गप्प आहेत. नागुबाई म्हणाली, "बापू, अजून वाढा." तो सुखावला. सुखावलो मी – हेच आता सहन होत नाही.

माणसं एसटीला गेल्यावर त्यानं तळाची खीर खाल्ली. जीभ पोळल्यासारखी झाली, मग कडू, घशापर्यंत कडू. भुकटी फार पडली होती. बेगमबी भांडी गोळा करत होती. तिनं त्याचं तोंड बघितलं आणि हळूच म्हणाली, "भाईसाब, सगळ्यांना कळलं होतं. सरजा असती तर पहिल्या चिमटीलाच तिनं हात धरला असता."

दूध दुष्काळातलं, पाणी टँकरचं, माणसं इतक्या लांबची... आणि एकही वाटी उरलेली नाही. उरली असती तर बरं झालं असतं. कुणी तोंड वाकडं केलं असतं, कुणी थट्टा केली असती, तर त्याला मान खाली घालायला जागा मिळाली असती. पण त्यांनी सगळं गिळलं, आणि नागुबाईनं तर मागून घेतलं – लेकीच्या नावाचं, जावयाच्या हातचं...

नागुबाई मुक्कामाला राहिली होती. दाराशी बसून अर्ध्या तांब्यात हात धूत होती. ती म्हणाली, घरात अजून सरजेचा वास हाय, बापू. त्यानं श्वास ओढून बघितला. भिंती, अंथरूण, दोरीवरचं लुगडं – कशालाच काही नाही. म्हणजे तोही वास... इतकी वर्षं त्यातच उभा होतो, म्हणून?

माफ करा म्हणायला तो दारापर्यंत गेला होता. तिथूनच मागं वळला. बाटली मुठीतच होती. त्यानं कोनाड्यातला टिपकागद घेतला, बाटली त्यावर आपटली, तळाची थोडी भुकटी पडली. मग तो तिच्यापुढं उकिडवा बसला. कागद तिच्या नाकापासून वीतभर लांबच राहिला, पुढं नेणं त्याला जमेना.

"मामी," तो म्हणाला, "वास कसा येतो, सांगता का? खरं सांगा."

नागुबाईनं ओले हात पदराला पुसले, आणि मान पुढं केली.