कसं पोचायचं, मावशी?

पलीकडून पेन्सिलीची टकटक झाली, तशी चौकशीबाईंनी फळीतल्या फटीशी कान नेला.

"मावशी, संग्रहालयात कसं पोचायचं?" नवी मुलगी कुजबुजली.

"बारा नंबर, फलाट तीन. पाण्याच्या टाकीपाशी उतरायचं. रस्ता ओलांडायचा नाही, त्याच अंगाला दोनशे पावलं."

मग तेच सगळं इंग्रजीतून झरझर वाहू लागलं. 'यू कॅन गेट टू', 'गेट ऑफ ॲट', 'यू विल बी देअर इन ट्वेंटी मिनिट्स'. खिडकीसमोरच्या पाहुणीने दोनदा थँक्यू म्हटलं, मुलीलाच. ती दोनशे पावलं चौकशीबाईंनी एका सुट्टीच्या दिवशी स्वतः चालून मोजली होती.

एकोणीस वर्षं त्या या बसस्थानकावर चौकशीला होत्या. कुठली गाडी कुठल्या वळणावर रखडते, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. पण परदेशी प्रवासी वाढले, आणि सहा महिन्यांपूर्वी मधे प्लायवूडची फळी ठोकून एका खिडकीच्या दोन झाल्या. आता एक तारखेपासून पुन्हा एकच राहणार होती. जिच्या नावावर तक्रार येईल तिची पार्सलच्या गोदामात रवानगी, असं साहेबांनी दोघींना समोर बसवून सांगितलं होतं.

चौकशीबाईंनीही खटपट केली होती. जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर वाक्यं उतरवून घेतली, भाजी निवडताना घोकली. काल एका प्रवाशाला त्या धीर करून म्हणाल्या, "यू विल रीच टू मार्केट."

"रीचच्या पुढे टू नको, मावशी," फळीपलीकडून आवाज आला. "गेट टू, अराइव्ह ॲट, पण नुसतं रीच."

मुलीने प्रेमानेच सांगितलं होतं. तेच जास्त झोंबलं. चहाला जमलेल्या ड्रायव्हरांना तर आयतंच सापडलं.

"चौकशीबाई, आता तुम्ही नुसती चौकशी करा. उत्तरं ती देईल!"

त्याही हसल्या. चहा मात्र अर्धा तसाच ठेवून उठल्या.

आज सव्वादहाला पुन्हा टकटक झाली. फटीतून एक परदेशी म्हातारा दिसत होता. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, हातात घडीचा कागद.

"मावशी, मोठ्या दवाखान्यात जायचंय यांना. अकराला यांच्या बायकोचं ऑपरेशन आहे. तिला आत नेण्याआधी भेटायचंय म्हणतात. कसं पोचायचं?"

सतरा नंबर, फलाट चार. ओठांवरच होतं.

"सात," चौकशीबाई म्हणाल्या. "फलाट एक."

सात नंबर उलट दिशेला, कारखान्यांकडे जायची.

मुलीने तेही गोड इंग्रजीत सांगितलं. म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवून मान लववली आणि तो फलाट एककडे निघाला. चौकशीबाईंनी वेळापत्रकांचा गठ्ठा ठोकून सारखा केला. उत्तर मुलीने दिलं होतं, तक्रारही तिच्याच नावावर येणार. त्यांनी गठ्ठा पुन्हा सारखा केला.

सात नंबर सुरू होऊन घरघरत होती. म्हाताऱ्याला पायरी चढवेना. कंडक्टरने दंडाला धरून त्याला वर घेतलं, आपली जागा दिली आणि घंटी मारली.

चपला खुर्चीखालीच राहिल्या. हलत्या गाडीच्या पत्र्यावर चौकशीबाई दोन्ही हातांनी थापा मारत होत्या.

"नो! नॉट धिस! यू विल नॉट रीच टू हॉस्पिटल!"

म्हाताऱ्याला बरोब्बर कळलं. गाडी थांबताच त्याचं मनगट धरून त्यांनी त्याला फलाट चारवर नेलं आणि सतरामध्ये बसवलं.

"अकराच्या आत दवाखान्याच्या दारात उतरव यांना," त्यांनी ड्रायव्हरला बजावलं. "मधे पान खायला थांबलास तर गाठ माझ्याशी आहे."

"अहो, पण चौकशीबाई, तुमच्या चपला?"

त्या परतल्या तेव्हा साहेब रिकाम्या खिडकीशी उभे होते.

"खिडकी सोडून कुठे पळालात?"

त्यांनी तोंड उघडायच्या आत मुलगी बाहेर आली.

"साहेब, मी एका आजोबांना चुकीची बस सांगितली. मावशींच्या लक्षात आलं म्हणून त्या धावल्या."

साहेबांनी मुलीकडे एकदा पाहिलं आणि तक्रारवही ओढली. मुलगी चौकशीबाईंकडे बघत नव्हती. हातातली पेन्सिल नखाने सोलत होती.

"थांबा," चौकशीबाई म्हणाल्या. "बस मी सांगितली होती. तिने फक्त इंग्रजीत सांगितलं."

साहेबांचं पेन थांबलं. मग त्यांनी वही मिटली.

"एवढंच ना? एकोणीस वर्षांत एकदा व्हायचंच असं. चुकून गेलं असेल तोंडातून."

मुलीने सुटकेचा श्वास सोडला. चौकशीबाईंचे तळवे फरशीवर पोळल्यासारखे झाले होते.

"चुकून नाही, साहेब," त्या म्हणाल्या.