माशांची गोधडी

गोधड्या शिवणाऱ्या बायकांत बाईंना सगळ्या 'इंचपट्टी' म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. थंडीच्या तोंडावर भरणाऱ्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस त्यांचंच ठरलेलं. तांदळाच्या दाण्याएवढा टाका, तोही ओळभर एकसारखा. दुसरीची गोधडी त्या न्याहाळू लागल्या की शिवणारीचा जीव खालीवर व्हायचा. तोंडाने त्या चकार शब्द काढत नसत, पण बोट मात्र बरोबर चुकलेल्या टाक्यावर जाऊन थांबायचं.

त्या वर्षी प्रदर्शनाची गोधडी अर्धीमुर्धी झाली होती, तेवढ्यात दिवस भरायच्या आधीच लेकीला दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी झाली, ओंजळीत मावेल एवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. लेक ऑपरेशननंतर वरच्या मजल्यावर झोपून, जावई औषधांच्या मागे धावतोय. त्यामुळे पेटीपाशी बसायचं काम बाईंकडे आलं.

पेटीवर एक छोटी गोधडी टाकलेली होती.

"पोटात अंधार असतो ना, आजी," सिस्टर म्हणाली. "एवढ्या लवकर आलेल्या बाळांना उजेड सोसत नाही. म्हणून ही ओढून ठेवायची."

बाईंनी मान डोलावली आणि सवयीने टाके बघितले. निळ्या कापडावर पोहणारे मासे, आणि एक तुकडा चक्क उलटा जोडलेला, त्यातले मासे पोट वर करून. टाके एक लांब, एक आखूड. एक ओळ तर मधेच कुठेतरी भरकटून मग आठवण झाल्यासारखी परत आलेली. नातीच्या अंगात जीव किती आहे, हे डॉक्टरसुद्धा ठामपणे सांगत नव्हते, आणि बाई मनातल्या मनात ती गोधडी उसवत बसल्या होत्या. दुसरं काही करण्यासारखं हातात नव्हतंच.

नातीला दूध पाजायची वेळ झाली की सिस्टर गोधडी दुमडायची. एकदा तिने ती घडी बाईंच्या मांडीवर ठेवली. बाईंनी आतून हात फिरवला आणि थबकल्या. अस्तर जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचं होतं. त्यावर एकही गाठ हाताला लागेना. दोऱ्याची सगळी टोकं आतल्या कापसात ओढून दडवलेली, बाळाचं बोट कुठे अडकू नये म्हणून. वरून दिसणारं काम कच्चं होतं, पण न दिसणाऱ्या बाजूवर कुणीतरी जीव ओतला होता. बाई बराच वेळ ती बाजू चाचपत राहिल्या. डोळे कधी भरून आले ते त्यांना कळलं नाही.

"कुणी शिवली ही?"

"आपल्या लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये शिवणवर्ग आहे. तिथून येतात. नाव नाही टाकत कुणी."

नातीचं वजन वाढायला लागलं आणि लेक स्वतः पेटीपाशी बसू लागली, तशा बाई त्या हॉलचा जिना चढल्या. खालून वाफेचा आणि साबणाचा वास येत होता. टेबलांवर मशिनं घरघरत होती. बाईंनी गोधडीचं वर्णन केलं, तशी शिकवणारी हसली. "उलटे मासे? ते आमच्या ड्रायव्हरकाकांचे."

खिडकीशी एक रुंद खांद्यांचे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ बसले होते. हातात सुई, आणि हात थरथरणारा. बाई समोर उभ्या राहिल्या तसे ते ओशाळले.

"परत पाठवली का? मला वाटलंच होतं. तो तुकडा उलटा लागलाय, हे शिवून झाल्यावर लक्षात आलं."

"परत नाही पाठवली," बाई म्हणाल्या. "माझी नात तिच्याखाली झोपते. मी आभार मानायला आलेय."

काकांनी सुई कापडात टोचून ठेवली. शेजारची खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "बसा ना."

बाई बसल्या. काकांनी सांगितलं ते असं. दवाखान्यावरून जाणारी बस त्यांनी वर्षानुवर्षं चालवली. त्या थांब्यावर बाळंतिणी चढायच्या, रिकाम्या हातांनी. बाळ आत पेटीत, आई घरी निघालेली. "तोंडं बघवत नसत, ताई. बोलणार तरी काय? त्या नीट बसेपर्यंत गाडी हलवायची नाही, एवढंच माझ्या हातात होतं. निवृत्त झालो आणि या वर्गाचं कळलं. म्हटलं, हात कापतोय तर कापू दे."

बाईंनी काकांसमोरची कात्री उचलली आणि म्हणाल्या, "मी पण एक शिवते."

त्यांनी शिवली ती आपल्या ख्यातीला साजेशी. दाट टाक्यांची, काटकोनात कोपरे. वर्गातल्या बायका बघत राहिल्या. पण दवाखान्यातून ती परत आली. सिस्टरने निरोप धाडला होता: फार सुंदर आहे, पण पुठ्ठ्यासारखी ताठ राहते, पेटीवरून खाली लोंबत नाही, बाजूने उजेड शिरतो.

बाईंनी गोधडी उलटसुलट करून बघितली. मग एकदम खुदकन हसल्या, आणि त्यांना हसताना बघून बाकीच्यांचा जीव भांड्यात पडला.

"ओळी जरा दूर दूर घ्या," काका हळूच म्हणाले. "कापडाला श्वास घ्यायला जागा पाहिजे."

बाईंनी चष्मा पुसला आणि आपल्या आयुष्यातली सगळ्यात सुबक शिलाई एकेक टाका करून उसवली. प्रदर्शन त्या वर्षी त्यांच्याशिवायच पार पडलं. कुणी विचारलं तर म्हणत, "वेळ कुठे होता?" आणि त्यात खंत शोधूनही सापडली नसती.

झाडांची पानं गळून गेली होती, तेव्हा नात घरी आली. माशांची गोधडी तिच्याबरोबरच आली. बाळाची गोधडी बाळाला द्यायची, असा त्या वॉर्डाचा रिवाज होता. अंगावर जरा बाळसं चढल्यावर लेक तिला घेऊन हॉलमध्ये आली. काका टेबलामागून उठेनात.

"नको, माझे हात बघताय ना," ते म्हणाले.

"मांडी तर कापत नाही ना?" लेक म्हणाली आणि बाळ सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

नात त्यांच्या मिशांकडे टकमक बघत राहिली. काकांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मशिनं एकेक करून थांबली. बाई पदराने नाक पुसत म्हणाल्या, "काका, तिच्या वतीने मी म्हणते. फार उपकार झाले तुमचे."

"उपकार कसले," काका पुटपुटले. "तुम्ही जिना चढून आलात. इतक्या गोधड्या गेल्या, कुठे गेल्या ते मला कधी कळलंच नव्हतं."

लेकीने खांद्यावरची पिशवी टेबलावर उपडी केली. तिचे गरोदरपणातले सैल सुती झगे होते, धुऊन इस्त्री केलेले. "हे कापायला आणलेत. आणि काका, मला सुई धरायला तुम्हीच शिकवा. आईकडे नको, ती उसवायलाच लावते."

सगळा हॉल हसला. बाई त्यात सगळ्यांच्या पुढे होत्या.